फक्कीने आखलेली पूररेषा

महोदय,

आपत्तीपूर्व तयारीवरचा आपला अग्रलेख वाचला. त्यात भोंगे होते, नियंत्रण कक्ष होते, मोबाइलवर येणारे इशारे होते. कलावंत मात्र कुठेच नव्हते. त्यांना आपण पूर ओसरल्यावर, मदतनिधीच्या कार्यक्रमात गायला बोलावतो. पण त्यांचं खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

ईव्ह मोशर या कलावतीने २००७ साली न्यूयॉर्कमध्ये केलेला उद्योग पाहा. खेळाच्या मैदानावर फक्की मारायचं यंत्र घेऊन ती ब्रुकलिन आणि मॅनहॅटनच्या किनारी भागांतून पायी फिरली. मोठ्या वादळात पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणारी, समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची रेघ तिने जवळजवळ ७० मैल आखली. अशा रेषा नकाशांत असतातच, पण नकाशा उघडून बघतो कोण? आपल्या दारापुढे कुणी पांढरी रेघ ओढू लागलं, तर मात्र माणूस बाहेर येऊन ‘हे काय चाललंय?’ असं विचारतोच. सगळा खटाटोप त्या प्रश्नासाठी होता. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं आणि बऱ्याच ठिकाणी पाणी त्या रेघेच्या आसपासच येऊन ठेपलं.

त्याच वादळात ब्रुकलिनच्या रेड हुक वस्तीतले दिवे गेले, फोन गेले. तिथल्या एका स्थानिक संस्थेने आधीच छोटे वायफाय राउटर एकमेकांना जोडून स्वतःचं जाळं सुरू केलं होतं. संस्थेच्या इमारतीत वीज टिकली. फोन चार्ज करायला, घरच्यांना खुशाली कळवायला लोक तिकडे धावले, कारण त्या जागेत त्यांचं रोजचं येणंजाणं होतं. नंतर हे जाळं वाढवलं गेलं आणि ते बसवायला, दुरुस्त करायला वस्तीतल्याच तरुण मुलामुलींना शिकवलं. माझ्या मते राउटरपेक्षा हे शिकवणं मोलाचं. मार्च २०११ मधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या दुर्घटनेनंतर जपानमध्ये ‘सेफकास्ट’ या नागरिकांच्या गटाच्या स्वयंसेवकांनीही हेच केलं. किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं स्वतः जोडली, गाड्यांना लावून रस्तोरस्ती फिरवली आणि नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवल्या. सुटे भाग ज्याने स्वतः बसवले, त्याला यंत्रावरचा आकडा परका वाटत नाही.

कुणी म्हणेल, रेघ ठीक, राउटर ठीक, पण नाच कशाला? न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली, शहराचा मध्यभाग ओस पडला. तिथे ‘गॅप फिलर’ या गटाने एका मोकळ्या झालेल्या जागेत नाचाची फरशी घातली आणि लाँड्रीतलं एक जुनं कपडे धुण्याचं यंत्र आणून ठेवलं. त्यात नाणं टाकायचं, आपला फोन जोडायचा, की स्पीकरवर गाणं सुरू! ढिगाऱ्यांच्या शहरात अनोळखी माणसं पुन्हा एकमेकांशेजारी उभी राहू लागली. पुढच्या धक्क्यात कुणाचं दार ठोठवायचं, हे अशाच ओळखींतून ठरतं.

भिंतीवर छत्री घेतलेली हसरी मुलं रंगवली की वस्ती सक्षम झाली, असं मी म्हणत नाही. तसली चित्रं मीही पुष्कळ पाहिली आहेत. ठेका संपतो, रंग उडतो, कुणाला त्याचं काही नसतं. अॅपचंही तेच. उद्घाटनाला पैसा असतो, बॅटरी बदलायला नसतो. रहिवाशांना न विचारता आणलेली वस्तू बिघडली, तर तक्रार करायलाही कुणी पुढे येत नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. अशा एखाद्या प्रकल्पाची फीत कापल्याची बातमी छापाल, तेव्हा तीन वर्षांनी तुमचा वार्ताहर पुन्हा तिथे पाठवा. यंत्र चालू आहे का, एवढंच विचारून त्याने परत येऊ नये. खोलीची किल्ली कुणाकडे आहे, शेवटची दुरुस्ती कुणी केली आणि त्या माणसाला शेजारपाजारचे ओळखतात का, तेही विचारावं.

आपला,
एक नियमित वाचक