सीटी स्कॅनच्या खोलीत माझ्या आईला ओटी बांधून देणाऱ्या तंत्रज्ञ दादांस

दादा, नमस्कार.

तुमच्या बिल्ल्यावरचं नाव मी वाचलं आहे, पण इथे टाकत नाही. पेढ्यांचा डबा घेऊन आलो त्या दिवशी तुम्ही जेवायला बसला होता. भाकरीचा घास हातात तसाच धरून म्हणालात, “अहो सर, इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं. मी बटण दाबलं फक्त. पेढे सिस्टरकडं द्या, अन् नावबिव कुठं टाकू नका.” पेढे सिस्टरकडे दिले. सांगायचं होतं ते राहूनच गेलं. अडीच महिने झाले, अजून ते घशाशी येऊन अडतं, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे रात्रभर माणसं येतात, आमची तुम्हाला आठवण असेलच असं नाही. नोव्हेंबर, वेचणी ऐन भरात. वर्धा जिल्ह्यातला कास्तकार, वय 66, उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, बोलणं बंद. सोबत नेसत्या लुगड्यानिशी आलेली आई, तिच्या लुगड्याला कापसाच्या बोंडाचा पाला चिकटलेला. मावसा. आणि मी, थोरला मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. राहतो तालुक्याच्या गावी. सगळ्यात जास्त बोलणारा तो मीच.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून डोकं तापतं. साडेसातला चुलतभावाचा फोन आला, “काकाचं तोंड वाकडं झालं.” गाडी करून त्यांना तालुक्याला आणलं. एका दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही. डॉक्टर म्हणाले, बीपी चढलाय, थकवा आहे. जिभेखाली गोळी ठेवली, सलाईन लावलं आणि “उद्या सकाळी बघू, वाटलं तर एमआरआय करून या” असं म्हणून आत गेले. 55 मिनिटं आम्ही त्या बाटलीतले थेंब मोजत बसलो. मावसा तेवढ्यात फोनवर कबूतर शोधत होते. हसू नका. आमच्याकडे लकवा मारला की कबुतराचं रक्त चोळतात आणि चोळणारे सगळे अडाणी नसतात. माझे मावसे निवृत्त ग्रामसेवक आहेत. शेवटी तिथल्याच कंपाउंडरनं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, “सर, इथं नका ठेवू. सीटी असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता.” त्या पोराचेही आभार मानायचे आहेत. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून एवढंच लिहितो.

तुमच्याकडे पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. अपघात विभागातल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न अगदी बरोबर विचारला होता: यांना शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं आणि किती वाजता? उत्तर मी दिलं, “दुपारपासून बरं नाही मॅडम. तीनला मला फोन केला होता, डोकं जड आहे म्हणाले.” पहिल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरही माझ्याच सांगण्यावरून ‘दुपारपासून’ असं लिहिलेलं होतं. मॅडमचा चेहरा उतरला. तो का उतरला हे मला तेव्हा कळलं नाही. साखर तपासली, सुई टोचली, स्ट्रेचर तुमच्याकडे आलं.

आता तुमचं.

बाबांना मशीनवर घेतलं. डावा हात, डावा पाय सतत चालू, मान एकसारखी हलत होती. तुम्ही “काका, हलू नका” म्हणत होता, पण त्यांना शब्दच कळत नव्हते. मेंदूची डावी बाजू गेली की बहुतेकांचं बोलणं जातं, समजणंही जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं. एकदा मशीन सुरू करून तुम्ही थांबवलं. मी दाराशी उभा होतो. वाटलं, आता हा माणूस खेकसणार, “नातेवाईक कुठं आहेत, पेशंट धरा” असं काहीतरी. आमच्या कानांना त्याचीच सवय.

तुम्ही बाहेर आलात. मी पुढे झालो, मावसे पुढे झाले. तुम्ही आम्हा दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. आई भिंतीला टेकून खाली बसली होती, तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, “माय, तुमचा आवाज ओळखतीन ते. आत येता का?”

मग तो शिशाचा एप्रन. सहाएक किलोचा तरी असेल. आई तो पाहून दचकली, मागे सरली. तुम्ही तिला किरणं, रेडिएशन, नियम असलं काही सांगत बसला नाहीत. तो तिच्या अंगावर धरलात, मागे गेलात आणि नाडी बांधता बांधता म्हणालात, “कापसाची ओटी हाय असं समजा माय. जड वेचा आला म्हणायचं.”

दादा, मी हे वाक्य वर्गातल्या पोरांना सांगितलं आहे, बायकोला सांगितलं आहे, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं आहे. माझी आई चाळीस वर्षं वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासातून चालते आहे. त्या रात्री त्या इमारतीतली एकही वस्तू तिच्या ओळखीची नव्हती. तुम्ही एक ओळखीची करून दिलीत. तिचे हात थरथरत होते, म्हणून गाठ तुम्हीच मारली, आणि गाठ मारताना तिच्या पाठीवरची बोंडाची वाळकी पाकळी काढून आपल्या खिशात टाकलीत. खाली टाकली नाहीत. का कोण जाणे, मला ते फार लागलं.

बाबांच्या उजव्या कानात भिकबाळी होती. तारुण्यापासूनची, कधी न काढलेली. धातू असला की चित्रात रेघा येतात म्हणून ती काढायची होती. तुम्ही ती खेचली नाहीत. साबणाचं बोट लावून फिरवत फिरवत काढलीत आणि आईच्या हातात दिलीत. तिनं ती पदराच्या टोकाला गाठीत बांधली.

आणि तेवढ्यात तुम्ही तिला विचारलंत, “माय, कधीपासून असं हाय?”

तोपर्यंत तिला कोणी विचारलंच नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरनं नाही, गाडीत मावशांनी नाही, आणि मी तिचा पोटचा पोरगा, बीएस्सी बीएड, मीही नाही. तिच्या वतीनं उत्तरं द्यायची आम्हा पुरुषांना इतकी सवय की ती समोर होती आणि कोणाला दिसत नव्हती. ती म्हणाली, “प्रार्थना सुटली तवा चांगले चालत आले जी. चहा टाक म्हणे. मी कप हाती देतो त हातातून पडला.”

आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते आणि सातला सुटते. बाबा त्या दिवशीही गेले होते, पंधरा-वीस माणसांनी त्यांना पाहिलं होतं. म्हणजे सव्वासात. दुपारचं डोकं जड होणं म्हणजे उन्हात वेचणी केलेल्या माणसाचं रोजचंच. तुम्ही आईला “दोन मिनिटं” म्हणालात, दार उघडून ओरडलात, “मॅडम, वेळ चुकीची आहे, सव्वासातपर्यंत चांगले होते!” मॅडम धावत आल्या आणि आईला पुन्हा सगळं विचारलं. आई एप्रन घालूनच उभी राहून सांगत होती.

मग ती आत गेली. बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा मुठीत धरून उभी राहिली आणि म्हणत राहिली, “अजी, उगे राहा. म्या हाय न इथं.” बाबा निपचित झाले. स्कॅन व्हायला काही मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सीटीत काही दिसलं नाही हे ऐकून मावसे भडकले. “सगळं साफ हाय म्हणता, मंग तोंड काहून वाकडं?” मलाही तेच वाटलं होतं. तुम्ही पडद्याकडे बोट करून सांगितलंत, रक्त सांडलं असतं तर इथं पांढरं दिसलं असतं. नस बंद पडली असली तर पहिले काही तास सीटी अगदी साफही दिसू शकतो. साफ आहे हीच चांगली बातमी. बाहेरून दोन्ही लकवे सारखेच दिसतात, उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावाच्या रोग्याला दिलं तर तो जायचा, म्हणून आधी स्कॅन. ते इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझ्या ‘दुपारपासून’च्या हिशेबानं ते दार साडेसातलाच बंद झालं होतं. आईच्या हिशेबानं ते पावणेबारापर्यंत उघडं होतं. मॅडमनी बीपी पाहिला, तो 185/110 च्या खाली आहे याची खात्री करून घेतली आणि अकराला दहा कमी असताना पहिला डोस गेला, उरलेलं औषध तासभर थेंबाथेंबानं.

नंतर मी वाचत बसलो, मास्तराची खोड. मेंदूची मोठी नस बंद पडली तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख पेशी मरतात, असा हिशेब 2006 साली एका अमेरिकन डॉक्टरनं मांडला आहे. मी त्या सलाईनच्या 55 मिनिटांना गुणून पाहिलं. 10 कोटी 45 लाख. बाबांची नस केवढी होती, खरा आकडा किती, ते सोडा. पण तालुक्याच्या त्या डॉक्टरनं बिल 1,800 लावलं होतं आणि मी ते मुकाट दिलं, तेव्हा हा गुणाकार करायला मला हक्क आहे. सीटीचं यंत्र बनवणाऱ्या हाऊन्सफिल्डच्या यंत्रावर पहिल्या रोग्याच्या मेंदूचं चित्र 1 ऑक्टोबर 1971 ला निघालं, 1979 ला त्यांना कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. अर्धं शतक उलटून गेलं. आमच्या तालुक्याला जिनिंग आहेत, बिअर बार आहेत, सोन्याची दुकानं आहेत. सीटीसाठी रात्री सव्वा तास गाडी हाणावी लागते. जिथं मशीन नाही तिथल्या डॉक्टरनं “माझ्याकडं नाही, पळा” एवढं दोन शब्दांत सांगितलं असतं, तरी मी त्यांचेही पाय धरले असते. नाही म्हणण्यातही माणुसकी असते, पण ती दाखवायला गिऱ्हाईक सोडावं लागतं.

रागावून लिहितोय असं वाटेल. खरा राग माझाच मला आहे. त्या डॉक्टरनं तासभर घालवला, मी एका वाक्यात सगळंच घालवलं होतं. तुम्ही विचारलं नसतं तर ते चुकलं आहे हेदेखील मला कधी कळलं नसतं. बाबा लुळेच घरी आले असते आणि मी लोकांना सांगत फिरलो असतो की आमच्याकडून प्रयत्न पूर्ण झाले.

चमत्कार झाला नाही, तेही सांगतो. बाबा काठी घेऊन चालतात. उजव्या मुठीत अजून जोर नाही, शर्टाची गुंडी आई लावते. शब्द येतात, पण कधी कधी भलतेच येतात, परवा बैलाला ‘कुकर’ म्हणाले आणि स्वतःच हसले. प्रार्थनेला जातात. भिकबाळी मात्र पदराच्या गाठीतून काढून पुन्हा कानात घातली, डाव्या हातानं, अर्धा तास झटापट करून. आई मदतीला गेली तर तिला हात लावू देईनात.

मी आता घरी काही ठरवायचं असलं की आधी आईला विचारतो. तिला त्याचं फारसं कौतुक नाही. “आता काहून इचारतं?” म्हणते.

तुम्ही पेढे खाल्ले नाहीत याचा तिला राग आहे. सध्या तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, मीठ टाकून उकडते ती. पराटीला फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पिकाची, थोडी बोंडं उरली आहेत. बोंडअळीमुळे फरदड ठेवू नका असं कृषी सहाय्यक सांगून दमले, बाबा कोणाचं ऐकत नाहीत, आता तर बोलता येत नाही असं सोंगही घेतात. सुट्टी असेल त्या दिवशी या. आईनं निरोप दिला आहे तो तिच्याच शब्दांत लिहितो: “त्या पोराले म्हणा, वावरात ये. इतं ओटी म्या बांधून देतो.”