राज्याची स्वतःची फाज बँक हवी: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

माणसांच्या उपचारात अखेरचा पर्याय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांना खाद्यातून दिले जात होते. केंद्राने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली, ते योग्यच झाले. पण शेडमधला साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू बंदीने मरत नाही. औषध काढून घेतल्यावर पोल्ट्रीवाल्याच्या हाती काय द्यायचे, हे शासनाने सांगायला हवे. बॅक्टेरिओफाज हे त्याचे एक उत्तर आहे, असे मला ठामपणे वाटते.

फाज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. साल्मोनेलाचा फाज त्याच जिवाणूला चिकटतो, त्याच्या आत वाढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. कोंबडीच्या किंवा माणसाच्या पेशींवर तो वाढत नाही. ही कल्पना जुनीच आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स द'एरेल यांनी १९१९ मध्येच फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवर फाज वापरले होते. अमेरिकेने २००६ मध्ये खाण्यास तयार मांसावर लिस्टेरिया या जिवाणूविरुद्ध फाज फवारायला परवानगी दिली.

मग परदेशी बाटली मागवून का भागत नाही? कारण फाज फार निवडक असतो. एका वाणावर चालणारा फाज त्याच जिवाणूच्या दुसऱ्या वाणावर निकामी ठरू शकतो. शिवाय जिवाणू त्यालाही दाद देईनासे होतात, म्हणून अनेक फाजांचे मिश्रण करावे लागते आणि ते वेळोवेळी बदलावे लागते. आपल्या शेडमधले वाण ओळखून त्यांवरचे फाज आपल्याच सांडपाण्यातून शोधायला हवेत. त्यांत विष तयार करणारी किंवा जिवाणूंना औषधाला दाद न देणारे बनवणारी जनुके नाहीत, याची खात्रीही करायला हवी. अशा तपासलेल्या फाजांचा साठा म्हणजेच फाज बँक. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे ती उभारण्याचे काम सोपवावे आणि त्यासाठी कायमचा निधी द्यावा.

चाचण्या प्रयोगशाळेत अडकू नयेत. मे महिन्याच्या उन्हात, क्लोरीन टाकलेल्या पिण्याच्या पाण्यात फाज टिकतात का, हे खऱ्या शेडमध्येच कळेल. चाचणीच्या बॅचमध्ये मर वाढली, तर नुकसान कराराने पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये. निकाल वाईट आले तरी जाहीर करावेत. अर्थात, मांसाच्या दुकानातला सुरा आणि ओंडका स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी फाजमुळे टळत नाही.

फाजला औषध म्हणायचे, पशुखाद्यातला घटक की मांसावरची प्रक्रिया, हा प्रश्न केंद्राच्या अखत्यारीतला आहे. तो सोडवून घेण्यासाठी राज्याने लेखी पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
पोल्ट्री व्यवसायातील एक पशुवैद्यक