नऊ तारखेच्या तपासणीत एक प्रश्न आणखी विचारावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली तेव्हा तिला सातवा महिना होता. कुशीवर वळताना, जिना चढताना, रिक्षातून उतरताना आणि एका पायावर उभे राहून सलवार घालताना तिच्या जांघेच्या मध्यावर व कमरेखाली मागच्या बाजूला जीवघेणी कळ येई. "पोट वाढलं की दुखायचंच," असे मीच तिला सांगत होते आणि तपासणीतही साधारण तेच ऐकायला मिळाले.

महिनाभराने फिजिओथेरपिस्टकडे गेलो तेव्हा कळले की हे दुखणे ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचे असते, त्याने बाळाला अपाय होत नाही आणि दर पाच गरोदर स्त्रियांपैकी सुमारे एकीला ते होते. त्या बाईंनी कोणतेही यंत्र न लावता वळताना दोन्ही गुडघे जुळलेले ठेवणे, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेणे, कपडे बसून घालणे, जिन्यावर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकणे, श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणे आणि पोटावर नव्हे तर नितंबांभोवती आधारपट्टा बांधणे, एवढे शिकवले. दुखणे पूर्ण गेले नाही. पण मुलगी रात्री झोपू लागली.

बाळंतपणानंतर बहुतेकींचे दुखणे ओसरते, काहींचे रेंगाळते. शेकशेगडीने बरे वाटते, ते मी नाकारणार नाही. परंतु सैलावलेले स्नायू शेकण्याने बळकट होत नाहीत, आणि पोट करकचून बांधल्याने ओटीपोटाच्या तळावरचा दाब उलट वाढतो. खोकताना, शिंकताना लघवी सुटते हे तर बायका आईलासुद्धा सांगत नाहीत. त्यावरही हेच व्यायाम उपयोगी पडतात. मात्र ताप, रक्तस्राव, लघवीची जळजळ, थांबून थांबून येणाऱ्या कळा किंवा पायात बधिरपणा असेल, तर व्यायामाच्या नादी न लागता तातडीने डॉक्टर गाठावा.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत त्या दिवशी रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या जोडीने "कुशीवर वळताना दुखते का?" एवढे विचारले जावे आणि होकार आल्यास फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी दिली जावी, अशी जिल्हा आरोग्य यंत्रणेला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर