टाचा बघून घे

निखिल,

काल फोन तू आपटलास की मी, ह्यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. पण "बुडायची एवढी हौस आहे तर जा" हे वाक्य माझंच, ते मागे घेतो. तू फक्त स्कूबा डायव्हिंगच्या मेडिकल फॉर्मसाठी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं होतंस आणि मी अर्धा तास डोकं खाल्लं तुझं. कार्ड निळ्या फाईलमध्येच होतं, फोटो पाठवलाय, दुसऱ्या पानावर "डी १०, कम्प्लीट" लिहिलंय, पाठीचा दहावा मणका, मज्जारज्जूची पूर्ण दुखापत, ते वाचता येतंय का बघ. आणि फॉर्ममध्ये बॅक्लोफेन लिहिलं नाहीयेस तू. लिही. पाय आखडू नयेत म्हणून घेतोस हे ठीक, पण त्याने गुंगी येते, आणि सही करणाऱ्या डॉक्टरला ते माहीतच नसेल तर त्या सहीला काय अर्थ.

झोप आली नाही म्हणून रात्रभर वाचत बसलो. मला वाटत होतं हे तुमच्या ग्रुपचं नवीन खूळ आहे. तर अमेरिकेत जिम गॅटाकरने १९८१ मध्येच अपंग डायव्हर्ससाठी संस्था काढलीये, हँडिकॅप्ड स्कूबा असोसिएशन, म्हणजे तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी. त्यांच्या ए, बी, सी लेव्हलही समजून घेतल्या. ए म्हणजे इतरांसारखा एक बडी, पाण्यात सोबत राहणारा जोडीदार, बी म्हणजे दोन, सी म्हणजे दोन आणि त्यातला एक रेस्क्यू शिकलेला. तू ए मिळेल म्हणून खूश आहेस आणि मला मात्र तुला सी हवी होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

पाण्याची भीती नाहीये मला. म्हणजे आहे, मला पोहता येत नाही हे तुला माहितीये, पण ती माझी भीती झाली. तुझी भीती वेगळी आहे. तुझे पाय काही सांगत नाहीत रे.

बघ, खाली असताना नायट्रोजन अंगात मुरतो आणि माणूस भरभर वर आला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात, हे तू मला शिकवायची गरज नाही, आता मीच तुला शिकवू शकतो. त्याची लक्षणं वाचली. पायाला मुंग्या, पाय बधिर, पायातला जोर जाणं, लघवी न होणं. वाचून मोबाईल उलटा ठेवला. बाकीच्यांना पाय बधिर झाला की कळतं काहीतरी बिघडलंय, तुझे ९ वर्षं बधिरच आहेत, मग तुला कोण सांगणार? पण पुढे वाचलं तर ह्यावरही लोकांनी विचार केलाय. डाईव्हच्या आधी कोणीतरी जाणकाराने तपासून लिहून ठेवायचं की स्पर्श नक्की कुठपर्यंत कळतो, कुठला स्नायू किती हलतो, म्हणजे नंतर ताडून बघता येतं. तुझी रेघ साधारण बेंबीपाशी आहे. ती डाईव्हनंतर बोटभर जरी वर सरकली, किंवा हातात काही वेगळं वाटलं, तर "दमलो असेन" म्हणत बसू नकोस, लगेच सांग, ऑक्सिजन मागून घे. आणि जवळचं रिकम्प्रेशन चेंबर, ते बुडबुडे दाबाखाली विरवायची खोली, कुठे आहे ते इन्स्ट्रक्टर बाईंना आधीच विचारून ठेव. विचारायला लाजू नकोस. तू विचारायला लाजतोस, लहानपणापासून.

लेक्चर झालं. सॉरी.

खरं तर मला पूलची गोष्ट लिहायची होती. तुला आठवत नसेल, तुझं लक्ष नव्हतं. हायड्रोथेरपीच्या पहिल्या दिवशी फिजिओने तुला कमरेला धरून छातीइतक्या पाण्यात उभं केलं होतं. मी काठावर पँट दुमडून उभा होतो. ११ महिने मी तुला एकतर पलंगावर नाहीतर खुर्चीत बघत होतो, वरून खाली, आणि त्या दिवशी तू पाण्यात सरळ झालास तेव्हा मला एकदम आठवलं की हा मुलगा आपल्यापेक्षा उंच आहे. घरी येऊन आईला सांगितलं, ती म्हणाली त्यात काय नवीन. तिला नाही समजलं, किंवा समजलं असेल.

म्हणून काल व्हिडिओत तू पाण्यात आडवा, हात नुसते पसरून, पुढे ना मागे, एका जागी तरंगत होतास ना, श्वास घेतला की थोडा वर, सोडला की थोडा खाली, तो मी सहा वेळा बघितला. कोणी ढकलत नव्हतं तुला. बदकाच्या पायांसारखे बोटांमध्ये पडदे असलेले हातमोजे घालून असा वळलास की जशी काही पायांची गरजच नव्हती कधी. दादालाही पाठवला. मग सातव्यांदा बघताना मला तुझ्या घोट्याला बांधलेली वजनं दिसली.

मला कळतं ती कशाला आहेत. पाय हलके झालेत, त्यात वेटसूट, ते वर तरंगतात आणि अंग उलटं व्हायला बघतं. पण ती पट्टी किती घट्ट आहे हे कोणी बघितलं? तुला तर कळणार नाही. बूट आठवतात ना. ते करड्या रंगाचे, मी हौसेने आणलेले, अर्धा नंबर लहान, आणि तीन दिवस कोणालाच कळलं नाही कारण तुला दुखलंच नाही. चार महिने पालथा झोपून होतास तू त्या टाचेपायी, शेवटची परीक्षा गेली. तू कधी एका शब्दाने बोलला नाहीस मला. बोलायला हवं होतंस.

तर टाचा बघून घे. आणि घोटे, आणि बसायची जागा, बोटीच्या फळीवर उघडं बसू नकोस, उशी घे, तुला पाण्यात सोडताना आणि वर ओढून घेताना पाय कुठे घासतात ते एका बडीला बघायला सांग. खडक, पोवळं, बोटीची शिडी, काहीही. निओप्रीनचे बूट घाल. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, आणि तुला बेंबीच्या खाली गारठा कळत नाही, तिथे अंग थरथरतही नाही, तेव्हा बाकीच्यांना बरं वाटतंय म्हणून तू पातळ सूट घालू नकोस.

आणि पाणी पी. प्रवासात टॉयलेट कुठे मिळेल ह्या काळजीने तू पाणी पिणं तोडतोस, मला माहितीये, दादाच्या लग्नात दिवसभर असाच कोरडा बसला होतास. अंगात पाणी कमी असलं तर त्या बुडबुड्यांचा धोका वाढतो. सूट चढवायच्या आधी ब्लॅडर रिकामं कर, पण पाणी पी.

एक चांगलं कळलं, रक्तदाब अचानक भडकतो ती भानगड मुख्यतः डी ६ आणि त्याच्या वरच्या दुखापतीत असते, तुझी खाली आहे. चार मणके. चार मणक्यांचे आभार मानायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तिकिटाचं मात्र मी ऐकणार नाही. रविवारी दुपारी ३ ला दुसरी डाईव्ह संपणार आणि सोमवारी सकाळी ६ चं विमान, म्हणजे १५ तास. विमानातही ते बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एकाहून जास्त डाईव्ह असतील तर निदान १८ तास थांबायला सांगतात, तुझ्यासारख्याने २४ थांबलं तर काय बिघडतं? मंगळवारचं कर. बदलायचे पैसे मी देतो, ह्यावर वाद नको.

अजून एक शिकलो. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "छान" नाही, "वर चला". तुझ्या प्रत्येक मेसेजला मी इतकी वर्षं "वर चल वर चल" म्हणतोय म्हणजे. आई म्हणाली, बरोबरच आहे, तुम्ही तेच म्हणत असता.

तुला जाऊ देतोय असं लिहिणार होतो, मग खोडलं. तू २७ वर्षांचा आहेस, मी कोण जाऊ देणारा. श्वास रोखू नकोस वर येताना, हे तुला शंभर वेळा सांगितलं असेल त्यांनी, हे एकशे एकावं. ५ मीटरला ३ मिनिटं थांबायचं तेव्हा थांब, घाई करू नकोस, तिथे काय दिसतं ते बघ आणि मला सांग.

हातातला छोटा आरसा तू इथेच विसरला होतास, तो कुरिअर केलाय, टॉर्चपण आहे त्यात, सेल नवीन घातलेत. रविवारी वर आलास की आधी आईला फोन कर, ती दाखवत नाही पण सकाळपासून फोनपाशीच बसलेली असेल. मला नंतर केलास तरी चालेल. टाचा बघून झाल्यावर कर.

बाबा