लोहाच्या सिरपवर दूध नको

महोदय,

'अ‍ॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप देतात; त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. पण आमच्या देवगडकडे घराघरांत काय चालतं? चव बरी नाही म्हणून पोराला वर लगेच वाटीभर दूध, नाहीतर आजोबांच्या बशीतला चहा! दुधातलं कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन लोह धड शोषू देत नाहीत. चहा तर या वयात मुळातच नको (आजोबा रुसले तरी). सिरप आणि दूध यांत तास-दोन तासांचं अंतर हवं. सोबत पाणी पुरे. वर्षावरच्या मुलाला थोडं लिंबूसरबत उत्तम, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. मळमळलं तर थोडं खाल्ल्यावर द्यावं, फक्त ते खाणं दूधभात नसावं. शी काळी होते, त्याला घाबरू नये.

राज्यातली या वयोगटातली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. बाटलीवर 'दूध-चहासोबत देऊ नये' अशी ठळक मराठी ओळ छापायला असा किती खर्च येतो?

— एक आजी, देवगड (जि. सिंधुदुर्ग)