मग मुलं कशाला?

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल तुझी निबंधाची वही चाळली. ‘आमची दिवाळीची सहल’. औंढ्याला देऊळ फिरल्याची नामदेवांची गोष्ट आलीय, नांदेडच्या लंगरमध्ये सोनूनं पुन्हा पुन्हा डाळ मागून घेतली तेही आलंय, नळदुर्गच्या पाणीमहालात भिजलेला तुझा फ्रॉकसुद्धा आलाय. तुळजापूरची गर्दी तर दीड पान. आणि पुढं एकच ओळ: ‘शेवटच्या दिवशी आम्ही घरी आलो.’

बाईंनी ‘छान’ असा शेरा मारलाय, त्याला माझी हरकत नाही. पण तो दिवस एका ओळीचा नव्हता. अर्धा तू झोपेत काढलास, आणि झोपायच्या आधी मला एक प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. घाटात स्टेअरिंग हातात असताना असल्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. म्हणून लिहिते. सगळं आत्ताच कळेल असं नाही. दोन-चार वर्षांनी परत काढून वाच.

तुळजापूरहून सकाळी निघालो तेव्हा बाबांचा हिशोब सोपा होता. अडीचशेच्या वर किलोमीटर, चारपदरी रस्ता, दुपारी जेवायला घरी. लेकरं सोबत असताना असले हिशोब करू नयेत. बाबा ते दर वेळी करतात.

येडशीला रामलिंगाकडं वळलो आणि हिशोब तिथंच कोलमडला. दरीतलं ते देऊळ, भोवतीची झाडी, उतरायच्या पायऱ्या. रावणाशी लढून जटायू पडला तो इथंच, असं तिकडचे लोक मानतात, आणि त्याची समाधी दाखवतात. तुला जटायूपेक्षा माकडांचं जास्त आठवत असेल. एक मोठं माकड आलं, सोनूच्या हातातला चिवड्याचा पुडा अगदी सभ्यपणे काढून घेतला, दातानं फाडला, शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि बाकीचा चिवडा पायरीवर टाकून निघून गेलं. मला वाटलं, आता हा भोकाड पसरणार. तर सोनू म्हणतो, ‘त्याला पण शेव आवडत नाही.’

तेरखेड्यात फटाक्यांची दुकानं लागली. ह्या गावात फटाक्यांचे इतके कारखाने आहेत की लोक त्याला मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. दिवाळी उरकली होती, पण तुळशीच्या लग्नाला फुलबाज्या लागतील हा तुझा मुद्दा बिनतोड होता, म्हणून घेतल्या. पुढं सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचे पेढे. भूम-वाशीकडं शेतीचा भरवसा कमी, म्हणून माणसं दुधावर उभी आहेत. दूध टिकत नाही, त्याचा खवा आटवतात, आणि तोच खवा साखर घालून तपकिरी होईस्तोवर परतला की हा पेढा. दुकानदारानं चवीला दिलेला तू बाबांचाही खाल्लास.

आता खरं सांगायचं ते.

चौसाळ्याच्या अलीकडं चहाला थांबलो. हॉटेलसमोर एक ट्रक उभा होता. तळाला बाजरीची पोती, त्यावर अंथरुणांची बोचकी, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचा निळा ड्रम, बांबू, गुंडाळलेली ताडपत्री. एका कोपऱ्यात बांधलेली शेळी. आणि ह्या सगळ्याच्या वर माणसं. बाया, गडी, मांडीवरची तान्ही. काही जण उतरून हातपाय मोकळे करत होते. त्यांच्यात तुझ्याच वयाची एक पोरगी, काखेत कोंबडी घेऊन, आपल्या गाडीच्या काचेत स्वतःला बघत उभी होती.

तिनंच सुरुवात केली. ‘कुठं चाललाव?’

‘घरी,’ तू म्हणालीस. ‘आणि तुम्ही?’

‘कारखान्यावर.’

मग तू कोंबडीचं नाव विचारलंस. कोंबडीचं नाव चिमणी निघालं, त्यावर तुम्ही दोघी एवढ्या हसलात की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. ती म्हणाली, ‘तुमच्या गाडीत कोंबडी बसू देत न्हाईत का?’ तू माझ्याकडं असं बघितलंस की जशी काही मीच कोंबड्यांवर बंदी घातली. तू तिला दोन पेढे दिलेस. एक तिनं पळत जाऊन आईला दिला. दुसरा स्वतः खाल्ला आणि हाताला लागलेला चुरा चिमणीपुढं धरला.

ट्रक सुटला तेव्हा ती सगळ्यात उंच पोत्यावर बसलेली होती, वाऱ्यात केस उडतायत, काखेत कोंबडी. तू पट्टा लावता लावता म्हणालीस, ‘तिची ट्रिप भारीय.’ मी म्हटलं, ती सहलीला नाही चालली, तिचे आईवडील ऊसतोडीला चाललेत, कामाला. तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, ‘काम आईबाबांचं, मग मुलं कशाला?’

तेवढ्यात मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला आणि सोनूनं रामलिंगापासूनचं सगळं बाबांच्या शर्टावर ओकलं. ते निस्तरेपर्यंत तू झोपलेली होतीस.

तर ऐक. तो घाट म्हणजे बालाघाटाचा डोंगर. वरची जमीन मुरमाड, पातळ. पाऊस मुळात कमी, त्यातला बराचसा उतारावरून निघून जातो. बाजरी, तूर, उडीद, साधला तर कापूस, एवढंच. दिवाळी आली की रानातलं काम सरतं आणि विहिरीही तळाला जायला लागतात. मग पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून लाखो माणसं घराला कुलूप लावून निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी साताऱ्याला, कुणी थेट कर्नाटकात. जिथं पाणी आहे तिथं ऊस आहे, आणि तो तोडायला माणसं लागतात.

नेणारा असतो मुकादम. तो आधी पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे हिशोबाला दोघांची मिळून एक जोडी. उचल बहुतेक वेळा पावसाळ्यातच संपलेली असते: दवाखाना, बियाणं, कुणाचं लग्न. मग हंगामभर टनावर जी मजुरी होते ती त्या उचलीत वळती होत राहते. म्हणजे निघायच्या दिवशी माणूस आधीच देणेकरी असतो.

आता तुझ्या प्रश्नातली मुलं. घरात धडधाकट आजी असेल तर ती लेकरं सांभाळते, शाळा चालू राहते. काही गावांत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, तिथं त्यांच्या जेवणाची सोय होते. पण आजी नसेल, किंवा आजीच कोयता घेऊन निघाली असेल, तर लेकरू कुणाच्या दारात सोडायचं? शिवाय फडावर, म्हणजे तोड चालते त्या उसाच्या रानात, तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. पाणी आणायला लागतं. ते ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा तुझ्यासारखी मोठी बहीण. मुलं कशाला, ह्याचं उत्तर हे आहे.

हे मी कुठं वाचलेलं नाही. तुझी आजी, पाटोद्याची, कित्येक हंगाम तोडीला गेली. तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वाकडं आहे ना, जे तू लहानपणी सरळ करायला बघायचीस, ते कोयत्याचं. डाव्या हातात ऊस धरायचा, उजव्यानं अगदी जमिनीलगत घाव घालायचा. वर बुडखा ठेवून चालत नाही, साखर बुडख्यातच जास्त असते. मग पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं बैलांसाठी बाजूला काढायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चालायचं. पहाटे चारला हे सुरू व्हायचं. आजी हे कधी सांगत नाही, कारण तिला कुणी विचारत नाही. तू विचार. ती तुला टाळणार नाही.

आणि मलाही नेलेलं होतं. शाळेत घालायच्या आधी. तेव्हा आमच्याकडं बैलगाडी होती, गाडीच्या खाली टांगलेला कंदील रात्रभर हलत राहायचा आणि त्याच्या उजेडात बैलांच्या पायांच्या लांबच लांब सावल्या पडायच्या. मी गाडीत पालथी पडून फळ्यांच्या फटीतून ते बघायचे. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या खोपटात, पाचटावर झोपायचो, आणि ते अंगाला टोचायचं. थंडी मरणाची. पण तुला खरं सांगते, मला ते आवडायचं. ऊस खायला मिळायचा, कारखान्याचा भोंगा झाला की आम्ही पोरं सगळी एका सुरात ओरडायचो. म्हणून तू ‘तिची ट्रिप भारीय’ म्हणालीस तेव्हा मी तुला गप्प केलं नाही. त्या पोरीला स्वतःलाही तसंच वाटत असणार. निदान चौसाळ्यापर्यंत तरी.

पुढं मला शाळेत घातलं आणि माझ्या आजीजवळ गावात ठेवलं. आईची गाडी वळणाआड गेली तेव्हा मी पायातली चप्पल फेकून मारली होती, म्हणे. कुणाला मारली ते आठवत नाही. तुझा मामा तेव्हा अंगावर पीत होता, त्याला सोबत नेलं. मी शिकले आणि नोकरीला लागले ती त्या मागं राहण्यामुळं. पण तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की त्याला नेलं आणि मला नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते. काही आईबाप असं काही दिसलं की लगेच पोरांना म्हणतात, ‘बघ, तुला किती मिळतं, आणि तू जेवणाला नखरे करतोस.’ मला ते बिलकूल आवडत नाही. ती पोरगी तुला शहाणं करायला ट्रकवर बसलेली नव्हती. तू दोडक्याला नखरे करतेस, त्याचं आपण वेगळं बघू.

आता तू झोपेत घालवलेलं.

बीडला शर्ट बदलून घेतला, बाबांचा. गेवराईकडं जाताना रान बदलत जातं. मुरूम संपतो, काळी माती लागते, आणि एकाएकी रस्त्याच्या कडेला ऊसच ऊस. तिकडं जायकवाडीचा उजवा कालवा येतो. म्हणजे बघ, ज्या जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला चारशे किलोमीटर जातात त्याच जिल्ह्यात ऊस उभा आहे. काही टोळ्या ह्या जवळच्या कारखान्यांनाही येतात, पण सगळ्यांना इथं काम पुरत नाही. डोंगरावर पाणी चढत नाही, एवढाच काय तो फरक. मी हे बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, ‘एवढाच नाही, पाणी कुणाच्या रानात जातं हाही आहे.’ त्यावर आमचं शहागडपर्यंत चाललं. तू जागी असतीस तर कंटाळली असतीस.

मध्येच बाबांना राक्षसभुवन आठवलं. ते गाव तिथंच जवळ, गोदावरीकाठी. १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा तिथं पराभव केला. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. बाबा रंगात येऊन सांगत होते, फौज नदीच्या पलीकडं, पाणी चढलेलं, आणि सोनूनं त्यातला फक्त ‘राक्षस’ उचलला. तो खिडकीला नाक लावून बसला. पूल येईपर्यंत दोनदा त्याला राक्षस दिसला. एक पाण्याची टाकी होती, एक कापसाची गाडी.

शहागडच्या पुलावर गाडी हळू केली. तुला उठवायचा प्रयत्न केला, तू ‘हो’ म्हणालीस आणि कूस बदललीस. पाणी भरपूर होतं. वर पैठणला धरण आहे, नाथसागर, आपल्या नळाला येतं ते तिथलंच पाणी. नदीत पैसे टाकायचा माझा हट्ट, ते मी माझ्या आईचं उचललंय. बाबांना ते पटत नाही, पण सुट्टे नाणे तेच शोधतात. तुझ्या वाटचं सोनूनं टाकलं. नीट पडलं की कठड्याला लागून परत आलं, ते दिसलं नाही.

पाचोडला जेवलो तेव्हा चार वाजून गेले होते. तू डोळे न उघडता अर्धी भाकरी खाल्लीस. घरी पोचलो तर दिवेलागण झालेली. बाबा सामान काढताना म्हणाले, ‘रामलिंगाला वळलो नसतो तर दुपारीच पोचलो असतो.’ मी काही बोलले नाही, कारण पुढच्या खेपेला परांड्याचा किल्ला बघायचा आहे आणि ते कबूल करून घ्यायचं बाकी आहे.

त्या पोरीचं नाव तू विचारलं नव्हतंस, कोंबडीचं मात्र विचारलंस. ट्रकच्या पाटीवर गाव बीड जिल्ह्यातलंच होतं, आजीच्या गावापासून फार लांब नाही. हंगाम संपला की पाडव्याच्या आसपास ही माणसं परत येतात. मे महिन्यात आपण आजीकडं जाणारच आहोत. तू म्हणालीस तर त्या बाजूला एक चक्कर टाकू. भेटेलच असं नाही. भेटली तर चौथीच्या वर्गात आहे का ते मात्र मी विचारणार आहे, तू मध्ये बोलायचं नाही.

आणि आल्यापासून तू जो विषय रोज रात्री काढतेस त्याबद्दल: तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंबडी ठेवता येणार नाही. सोसायटीचं सोड, मलाच चालणार नाही. मामाकडं ठेवायची असेल तर मामीला तू स्वतः फोन करून विचार, माझं नाव पुढं करू नकोस.

तुझी,
आई