ओमान पाहायचा तर पाटाच्या काठाने

महोदय,

हिवाळा सुरू झाला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींतून ओमान या देशाचे जे दर्शन आपल्याला घडते, ते बहुधा तीनच गोष्टींचे असते: वाळूच्या टेकड्यांवरून घसरणारी जीप, मस्कतच्या मोठ्या मशिदीतले झुंबर आणि खरेदी. गेल्या जानेवारीत पत्नीसह मी हा देश पाहून आलो. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून एकतीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर वेगळीकडे जाते हे मान्य करूनही मला असे वाटते की, आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांना त्या देशातली सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट कोणी दाखवतच नाही. ती गोष्ट म्हणजे तिथले पाणी.

आधी थोडा अंदाज यावा म्हणून सांगतो. ओमानचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढेच. लोकसंख्या मात्र सुमारे ५० लाख. मस्कतला वर्षाकाठी साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरात पावसाळ्यातल्या चार-पाच चांगल्या दिवसांत तेवढा पडून जातो आणि आपण वाहतुकीच्या नावाने बोटे मोडत घरी येतो. इतक्या तुटपुंज्या पावसावर त्या देशाच्या अंतर्भागातली गावे शेकडो वर्षे खजुराच्या बागा राखून आहेत, आणि त्या राखल्या आहेत फलज नावाच्या पाटांनी. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठायचे, तिथून जमिनीच्या उतारापेक्षाही कमी उताराचा बोगदा गावाच्या दिशेने काढायचा, म्हणजे पुढे कुठेतरी पाणी आपोआप जमिनीवर येते; ना मोट, ना पंप. बोगदा साफ करता यावा म्हणून ठरावीक अंतरावर उभी भोके ठेवलेली असतात आणि उपसलेल्या मातीची कडी त्यांच्याभोवती वारुळांसारखी रांगेने दिसतात. काही फलज अशा बोगद्यांचे, काही वादीतून म्हणजे डोंगरी ओढ्यातून वळवलेले, तर काही झऱ्यावरचे. असे सुमारे ३,००० फलज आजही चालू असल्याचे सांगितले जाते आणि त्यांतील पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

आम्ही पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीबरोबर गेलो होतो. तिच्या छापील कार्यक्रमात अशा एका पाटाचा उल्लेख 'नैसर्गिक झरा, छायाचित्रे, १५ मिनिटे' असा होता आणि त्याच दिवशी संध्याकाळी एका मॉलसाठी अडीच तास राखले होते. झरा नैसर्गिक नव्हता, हे सांगायला अभियंत्याची गरज नाही. चुन्यात बांधलेला पाट कोणालाही ओळखू यावा. मिस्फात अल अब्रीयीन या डोंगरउतारावरच्या गावात आमच्या गटाने नाश्त्याचे डबे उघडले आणि आमच्यातल्या एक बाई लोणच्याचे तेल लागलेले हात त्या पाटात धुऊ लागल्या. समोरच्या ओट्यावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठले, रागावले नाहीत, फक्त काठीने पाटाच्या खालच्या अंगाची एक जागा दाखवून पुन्हा बसले. त्या गृहस्थांचे म्हणणे काय होते ते आमच्या मार्गदर्शकाला सांगता आले नाही, कारण त्याला ते माहीतच नव्हते. फलज गावात जिथे प्रथम उघडा होतो तिथले पाणी पिण्याचे; त्याच्या खाली मशिदीत वजू करण्याचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचे; त्याच्या खाली आंघोळीचे, तेही बायकांचे आणि पुरुषांचे वेगळे; आणि मग बागांचे. बागांतही खजुराला आधी, हंगामी पिकाला नंतर. पाणी कमी झाले की हंगामी वावर पडीक ठेवतात, पण खजूर वाचवतात. ही उतरंड ठाऊक असती तर त्या बाईंनी तिथे हात धुतले नसते; दोष त्यांचा नव्हता.

सहल संपल्यावर आम्ही मुक्काम तीन दिवस वाढवला आणि चालकासह गाडी घेतली. चालक मलबारकडचा, बावीस वर्षे तिथे राहिलेला, हिंदी उत्तम बोलणारा. त्याच्याबरोबर अंतर्भागातल्या निझवा शहराजवळच्या बिरकत अल मौज या गावात गेलो. फलज अल खतमैन या गावातून वाहतो. युनेस्कोच्या यादीतल्या पाचांपैकी हा एक. सकाळी सातच्या सुमारास आम्ही बागेच्या बांधावर उभे होतो. एक माणूस लुंगी खोचून पाटाच्या फाट्याशी उकिडवा बसला होता. पाटाच्या तोंडात चिंधीत गुंडाळलेला दगड होता, हेच त्याचे दार. मोबाइलचा गजर वाजला तसा त्याने दगड उचलून पलीकडच्या तोंडात घातला, फटींत चिंध्या कोंबल्या, ओल्या मातीचा एक गोळा वर थापला आणि पाणी आमच्या पायांजवळून वळून आतल्या खजुरांकडे निघाले. आपल्याकडे ज्याला आपण दारे मोडणे म्हणतो ते हेच, फक्त फावडे नव्हते. मी त्याला शेतकरी समजलो होतो; तो चितगावचा मजूर निघाला. बागेचा मालक मस्कतला सरकारी नोकरीत आहे आणि शुक्रवारी येतो. तेव्हा या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यात आता कोणाचे हात राबतात, तेही नोंदवायला हवे.

गजर का वाजला, हे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. फलजाचे पाणी लिटरांत मोजत नाहीत, वेळेत मोजतात. साधारण अर्ध्या तासाच्या वाट्याला 'अथर' म्हणतात. कोणाकडे दोन अथर, कोणाकडे दहा. वाटा वारसाने येतो, विकता येतो, भाड्यानेही देता येतो, आणि तो जमिनीपासून वेगळा असतो. पूर्वी दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ठरावीक ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून पाळी बदलत असे. काही वाटे फलजाच्या स्वतःच्या मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि आलेला पैसा दुरुस्तीला जातो. हिशेब ठेवायला गावाने नेमलेला वकील असतो, म्हणजे कोर्टातला नव्हे, कारभारी. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या सामुदायिक सिंचनाच्या फड पद्धतीत गावाने नेमलेला पाटकरी पाळीने पाणी देई, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे परके वाटणार नाही. मी स्वतः कालव्याच्या आवर्तनात शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोहोचवताना जे हाल पाहिले, लोखंडी दारे बसवून त्यांच्या चाव्या हरवताना ज्या पाहिल्या, त्यानंतर तो चिंधीतला दगड बघून थोडा वेळ काही सुचले नाही. अर्थात तिथेही सारे आलबेल नाही; खोल विहिरी आणि पंप आले तसे पुष्कळ फलज आटले.

तिथल्या बाकीच्या गोष्टींवरून मी भरभर जातो. वाळवंट सुंदर आहे, एक रात्र पुरते. निझव्याचा किल्ला सतराव्या शतकातला, शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार त्याच्या शेजारी. मस्कतच्या बंदरावरचे दोन किल्ले पोर्तुगीज काळातले. पोर्तुगीजांना तिथून १६५० मध्ये हुसकावले गेले, आपल्याकडे वसई पडायला १७३९ साल उजाडावे लागले. आपले आणि त्यांचे येणेजाणे मात्र जुने आहे. १९७० पर्यंत तिथे रुपया चालत होता आणि आजही त्यांच्या रियालचे १,००० 'बैसा' होतात, ते नाव आपल्या पैशाचेच. सुलतान तैमूर यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि पुढे १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले ते मुंबईत. 'मब्सली' जातीचा कच्चा खजूर मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवायचा आणि तो भारताकडे पाठवायचा, हा तिथल्या खेड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उन्हाळी उद्योग. म्हणजे आपण ज्या खारकेने ओटी भरतो, तिच्यातली कितीतरी खारीक त्या पाटांच्या पाण्यावर वाढलेली होती. पत्नीला ही गोष्ट किल्ल्यापेक्षा जास्त आवडली. दक्षिणेकडचे सलाला शहर मस्कतपासून सुमारे हजार किलोमीटर दूर, त्यामुळे आम्हाला जमले नाही. तिथे जून ते सप्टेंबर आपल्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे धुके डोंगरावर अडते आणि तो मुलूख हिरवा होतो. लोबानाची झाडेही त्याच प्रांतातली, आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या गोतातली.

एक इशारा मात्र सविस्तर द्यायला हवा. कोरड्या देशात पाण्याने मरण येते, यावर आपल्या लोकांचा विश्वास बसत नाही. डोंगर उघडे, माती कमी. वर कुठेतरी तासभर पाऊस झाला की खालच्या वादीत, आभाळ स्वच्छ असतानाही, लोंढा येतो. एप्रिल २०२४ मधल्या अशा पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले. रस्ता जिथे वादीत उतरतो तिथे पाण्याची उंची दाखवणारे खांब असतात. आमच्या सहलीत एका दुपारी डोंगरावर ढग दाटलेले असताना गटाला पोहण्यासाठी वादीत उतरवण्यात आले आणि स्थानिक गावकऱ्यांनी हातवारे करून बाहेर काढले. नशिबाने काही झाले नाही. १९६१ चा पानशेत पूर ज्या शहराने पाहिला, त्या शहरातल्या कंपनीला हे शिकवावे लागू नये.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर हेही लिहितो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत भूमिगत नळाने पाणी आणले गेले. तेही उताराने, तेही वाटेत उच्छ्वास म्हणजे हवेसाठी उभारलेले दगडी खांब ठेवून. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुना भुयारी जलमार्ग सापडला तेव्हा चार दिवस गर्दी झाली, छायाचित्रे निघाली. कात्रजकडच्या वाटेवर उरलेल्या उच्छ्वासांशेजारून मी रोज फिरायला जातो. त्यांतल्या एकावर सध्या क्लासची जाहिरात चिकटवलेली आहे. ओमानमधला फलज पाहून आलेला पुणेकर या दगडी खांबाकडे नक्कीच वेगळ्या नजरेने पाहील, एवढ्यासाठी तरी त्याला फलज नीट दाखवला जावा.

म्हणून प्रवासी कंपन्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी ओमानच्या कार्यक्रमातला मॉल अडीच तासांवरून एका तासावर आणावा आणि एक पूर्ण सकाळ फलजाच्या गावाला द्यावी. मार्गदर्शकाला निदान पाण्याची उतरंड आणि पाळी समजावून सांगता यावी. वादीत उतरण्यापूर्वी डोंगरावरच्या हवामानाची चौकशी करणे सक्तीचे असावे. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, मस्कतहून निझव्याला दीड-दोन तास लागतात हे लक्षात घेऊन आदल्या रात्रीच तिथे मुक्कामाला जावे आणि सूर्य वर येण्याआधी बागेत पोहोचावे. अंगभर कपडे असावेत, बायकांच्या न्हाणीच्या बाजूला पुरुषांनी जाऊ नये, कॅमेरा विचारून काढावा. पाटाच्या भिंतीवरून चालायला हरकत नसते, पण ती जेमतेम वीतभर रुंद असते आणि शेवाळाने निसरडी होते. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तिथेच तुटला.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता,
सहकारनगर, पुणे